डायलच्या दोरीचा कागद

मालवणच्या बाजारातले एक रेडिओ दुरुस्तीचे दुकान दोन वर्षांपूर्वी कायमचे बंद झाले. दुकानाचे मालक वारले, मुलगा पणजीत नोकरीला. गाळा रिकामा करून द्यायचा होता म्हणून भंगारवाल्याला बोलावले गेले. तांब्याची तार, ट्रान्सफॉर्मर, स्पीकरची लोहचुंबके यांचा भाव ठरला. एक पत्र्याची पेटी मात्र त्याने पायाने बाजूला सारली. आत नुसते कागद होते, तळाचे वाळवीने खाल्लेले. रद्दीच्या भावाने नेतो म्हणाला. मी तिथे दुसऱ्याच कामासाठी गेलो होतो. पेटी उचलून घरी आणली.

दुकानाच्या मालकांना आम्ही सगळे आबा म्हणायचो. आमच्या मोहल्ल्यातला प्रत्येक रेडिओ कधी ना कधी त्यांच्या टेबलावर जाऊन आलेला. शाळकरी वयात मी त्यांच्या दुकानात तासन्‌तास बसत असे. त्यांचे एक वाक्य तेव्हापासून डोक्यात आहे. कुणी तरी विचारले होते की एवढे कागद कशाला सांभाळता, तुम्हाला तर सगळे तोंडपाठ आहे. ते म्हणाले, "सर्किट गावता, दोरी गावणा नाय."

आजच्या वाचकाला हे समजावून सांगावे लागेल. जुन्या रेडिओत स्टेशन लावायचे बटण फिरवले की एक बारीक दोरी फिरे. ही दोरी तीन-चार कप्प्यांवरून जाऊन एकीकडे गँग नावाचा कंडेन्सर फिरवी आणि दुसरीकडे काचेवरची सुई सरकवी. आमच्या खाऱ्या, दमट हवेत ती कुजून तुटे. रेडिओचे सर्किट जाणकार माणूस सुटे भाग बघून, तारा माग काढत ओळखू शकतो, कारण बहुतेक संच थोड्याफार फरकाने एकाच पद्धतीने बांधलेले असत. पण तुटलेली दोरी कुठल्या कप्प्याला कुठल्या बाजूने वळसा घालून जात होती, ढोलावर किती वेढे होते, स्प्रिंग कुठे अडकवलेली होती, हे तर्काने सापडत नाही. एक वेढा चुकला तर सुई उलटी पळते. ते चित्र कंपनीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असते, एका कोपऱ्यात, काडेपेटीएवढे. आबांच्या पेटीत अशी चित्रे असलेले कागद शेकड्यांनी निघाले.

या किनाऱ्यावर रेडिओ कसा आला, हे त्या कागदांवरून बऱ्यापैकी वाचता येते. सर्वांत जुने कागद ड्राय बॅटरीवर चालणाऱ्या व्हॉल्व्ह संचांचे आहेत. गावोगाव वीज नव्हती, तेव्हा ९० व्होल्टची एक जाडजूड बॅटरी आणि व्हॉल्व्ह तापवायला दीड व्होल्टची दुसरी, असा तो थाट असे. रेडिओ घेतला की टपाल कचेरीतून वर्षाचे लायसन्सही घ्यावे लागे, ते १९८०च्या दशकात गेले. त्यानंतरचे मर्फी, फिलिप्स, बुश, नॅशनल एको. मर्फीचा भारतातला कारखाना ठाण्यात होता. नॅशनल एको मुंबईचा. म्हणजे आमच्या घरातले निम्मे रेडिओ मुंबईच्या परिसरात बनत होते आणि ते बनवणाऱ्यांत कोकणातून गेलेले लोक असणारच.

१९५२ साली माहिती व नभोवाणी मंत्री बाळकृष्ण केसकर यांनी आकाशवाणीवरून चित्रपट संगीत हद्दपार केले. लोकांनी काटा सिलोनकडे वळवला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात अमीन सयानींची बिनाका गीतमाला सुरू झाली. सिलोन शॉर्टवेव्हवर लागत असल्यामुळे नुसता मीडियम वेव्हचा स्वस्त संच कुणाला नको झाला. केसकरांनी शास्त्रीय संगीताच्या प्रेमापोटी केलेल्या या कामाचा खरा फायदा शॉर्टवेव्हचे संच विकणाऱ्यांना आणि ते दुरुस्त करणाऱ्यांना झाला, असे मला नेहमी वाटत आले आहे. १९५७ मध्ये विविध भारती आली तोवर लोकांना सिलोनची सवय लागून गेली होती.

याच काळात आमच्या जिल्ह्याच्या डोंगरात एक वेगळेच स्टेशन चालत होते. गोवा अजून पोर्तुगीजांकडे होता. २५ नोव्हेंबर १९५५ रोजी वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी गोवामुक्तीचा गुप्त रेडिओ सुरू केला, तो आंबोलीच्या जंगलातून. पुढे तो कॅसल रॉकला हलवला आणि गोवा मुक्त होईपर्यंत, म्हणजे १९ डिसेंबर १९६१ पर्यंत चालला. त्या दिवशी या दोघांनी विमानातून ध्वनिक्षेपकावरून मुक्तीची बातमी गोव्याला दिली, ही गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक असते. त्यांचे प्रक्षेपणयंत्र कुठून आले, ही गोष्ट कमी जणांना ठाऊक असते. १९५४ मध्ये दादरा नगरहवेली मुक्त झाली तेव्हा पळणाऱ्या पोर्तुगीजांकडून बिनतारी संच हाती लागले होते. त्यांच्यात फेरफार करून ते प्रक्षेपणाला वापरले. शत्रूचे यंत्र उघडून त्याला आपल्या कामाला लावणे हे सर्किट वाचता येणाऱ्या माणसाचे काम आहे. स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासात आपण बोलणाऱ्यांची नावे लिहितो आणि ते योग्यच आहे. पण खाली बसून कॉईल बदलणाऱ्याचीही एक ओळ असायला हवी.

पेटीचा वरचा थर आमच्या लोकांचा आहे. १९७३ नंतर तेलाचे भाव चढले आणि कोकणातल्या मुसलमानांची तरणी पोरे आखातात गेली. त्याआधीची पिढी बोटीवर होती. सुट्टीवर येताना खांद्यावर टू-इन-वन असे. नॅशनल पॅनासोनिक, सान्यो, शार्प. त्याच्या पाठीमागे व्होल्टेज बदलायची एक चकती असे, कारण सौदीतल्या काही भागांत तेव्हा १२७ व्होल्टचा पुरवठा होता. घरी आल्यावर आनंदाच्या भरात ती चकती फिरवायची राहून जाई आणि पहिल्याच संध्याकाळी ट्रान्सफॉर्मर जळे. आबा म्हणत की आखातातून विमान आले की माझा सीझन सुरू होतो. या संचांचे मॅन्युअल मिळणे कर्मकठीण. खोक्यात वापरायची पुस्तिका येई, ती इंग्रजी आणि अरबीत. दुरुस्तीची पुस्तिका कंपनी फक्त आपल्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला देई आणि आमच्याकडे असे सेंटर होतेच कुठे?

मग हे कागद आबांकडे आले कसे? इथे खरा इतिहास आहे. दुरुस्तीचे कागद एकमेकांना देण्याची प्रथा इंटरनेटने सुरू केलेली नाही. अमेरिकेत जॉन रायडर नावाच्या माणसाने १९३०च्या दशकात निरनिराळ्या कंपन्यांची सर्किटे गोळा करून जाडजूड खंड छापले. कंपन्या आधी नाराज होत्या, पण दुरुस्ती होत नसलेला रेडिओ लोक पुन्हा घेत नाहीत हे त्यांना समजले. १९४६ पासून हॉवर्ड सॅम्स यांनी त्याहून पुढची गोष्ट केली. बाजारातला संच विकत घ्यायचा, खोलायचा, मोजायचा आणि स्वतःचे मॅन्युअल छापायचे. ब्रिटनमध्ये ट्रेडर शीट्स निघत. आपल्याकडे दिल्लीच्या बीपीबीसारख्या प्रकाशकांनी सर्किटांची पुस्तके काढली आणि १९६९ पासून ‘इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू’ हे मासिक निघू लागले. मुंबईत लॅमिंग्टन रोडला सुट्या भागांच्या दुकानांत सर्किटचे कागद सुटे मिळत, कुणी तरी ट्रेसिंग पेपरवर गिरवून अमोनिया प्रिंट काढलेले. त्यावर ना कंपनीची परवानगी, ना गिरवणाऱ्याचे नाव. आबांच्या पेटीतले निम्म्याहून अधिक कागद असे आहेत. एकावर कोपऱ्यात पेन्सिलीने सुधारणा केली आहे: छापलेला रेझिस्टर चूक, बरोबर अमुक.

आता स्कॅनिंगकडे येतो. मी काही अभियंता नाही. मे महिन्यात उन्हाच्या उजेडात फोनने फोटो काढायला सुरुवात केली आणि पहिल्याच आठवड्यात तोंडघशी पडलो. सर्किटच्या कागदावर दशांश चिन्हाचा ठिपका हीच सगळ्यात महत्त्वाची गोष्ट असते. ४.७ किलोओहम आणि ४७ किलोओहम यांत एका ठिपक्याचा फरक आणि माझ्या फोटोत तो ठिपका वाळवीच्या भोकासारखा दिसत होता किंवा दिसतच नव्हता. याच भीतीने पुढे इंग्रजांनी ४के७ अशी लिहायची पद्धत पाडली, अक्षर ठिपक्यासारखे पुसले जात नाही. मग एका मित्राचा सपाट स्कॅनर आणला. मोठे घडीचे कागद तीन-चार तुकड्यांत स्कॅन करून जोडले. घडीवरच नेमका महत्त्वाचा आकडा असतो, हा कुठल्या तरी दुष्ट नियमाचा भाग असावा. अमोनिया प्रिंट उजेडात उडतात, म्हणून ते आधी केले. चिकटपट्टी लावलेले कागद सर्वांत वाईट. कागद वाचतो, पट्टीखालचे अक्षर पिवळे होऊन जाते.

हे सगळे करून ते जगाला फुकट द्यायचे, असे ठरवले होते. इतरत्र लोक हे वर्षानुवर्षे करत आहेत. २०१५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत बाल्टिमोरजवळ जुनी मॅन्युअल विकणारे एक दुकान बंद पडले तेव्हा इंटरनेट आर्काइव्हच्या जेसन स्कॉट यांनी हाक दिली आणि स्वयंसेवकांनी काही दिवसांत हजारो मॅन्युअल खोक्यांत भरून वाचवली. कचऱ्यात जाणार होती ती. मालवणच्या माझ्या पेटीला त्या गोदामाची सर नाही. पण तिथल्या संग्रहांत जर्मन, इंग्रज, अमेरिकन संच पानोपानी सापडतात आणि ठाण्यात बनलेल्या मर्फीसाठी शोधत बसावे लागते. कारण साधे आहे. आपल्याकडचे कागद आबांसारख्यांच्या पेट्यांत आहेत आणि त्या पेट्या रद्दीत जात आहेत.

अडचण हक्काची आहे. २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या टिम हिक्स या तरुणाने लॅपटॉपची दुरुस्ती-मॅन्युअल सगळ्यांसाठी ठेवली होती. तोशिबाच्या वकिलांचे पत्र आले आणि त्याला त्या कंपनीची तीनशेहून अधिक मॅन्युअल काढून टाकावी लागली. कंपनीचे एक म्हणणे असे होते की अडाणी माणसाने यंत्र उघडले तर धोका आहे. हा युक्तिवाद मला आबांच्या टेबलाजवळ बसलेला मुलगा म्हणून हास्यास्पद वाटतो. जुन्या काळी एसी-डीसी संच असत, त्यांत ट्रान्सफॉर्मर नसे आणि लोखंडी चासी थेट घरातल्या विजेला जोडलेली असे. प्लग उलटा बसला की चासीला २३० व्होल्ट. हे ज्या कागदावर लिहिलेले असते तो नसेल, तर उघडणारा मरतो. संच तर लोक उघडणारच आहेत. कागद दडवून फक्त इशारा दडवला जातो.

आपल्या कायद्याचे म्हणाल तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाचे नाव नसलेल्या प्रकाशित लिखाणाचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षे राहतो. म्हणजे १९५५ सालचा निनावी कागद आज मोकळा आहे, १९८० सालचा नाही. २०२२ च्या डिसेंबरात केंद्र सरकारने ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केले, त्यावर कंपन्यांनी मॅन्युअल आणि सुट्या भागांची माहिती द्यावी अशी अपेक्षा आहे. चांगली गोष्ट आहे, पण ती जिवंत कंपन्यांसाठी. जी कंपनी बुडाली, जिचा कारखाना पाडून टॉवर उभे राहिले, तिच्या वतीने कोण देणार?

माझ्या वाचकांतले काहीजण विचारतील की कायद्याचे ठीक, शरीयतचे काय. प्रश्न बरोबर आहे आणि उत्तर एकच नाही. मौलाना अशरफ अली थानवी यांनी आपल्या पुस्तकांचा हक्क राखून ठेवला नाही, ज्याला छापायचे त्याने छापावे अशी मुभा होती. म्हणूनच त्यांची पुस्तके घरोघरी पोचली. दुसरीकडे १९८८ मध्ये कुवेतमध्ये भरलेल्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने ठराव केला की लेखनाचे, शोधाचे हक्क हे खरे हक्क आहेत, त्यांचे मोल आहे, त्यांच्यावर अतिक्रमण करता येणार नाही. मी या ठरावाच्या बाजूचा आहे. जिवंत माणसाच्या मेहनतीची फुकट नक्कल करणे मला पटत नाही. पण थानवींच्या बाजूला जे आहे तेही विसरता येत नाही. माणूस गेल्यावरही ज्याचे पुण्य चालू राहते त्यात लोकांच्या उपयोगी पडणारे इल्म आहे, ही हदीस आपण मदरशात लहानपणीच ऐकतो.

आणि नक्कल करणारे नसते तर आपल्याकडे काय उरले असते? अल-जझरी या यंत्रकाराने १२०६ साली, आज ज्याला दियारबकीर म्हणतात त्या शहरात पन्नास यंत्रांचे पुस्तक पुरे केले. पाण्याची घड्याळे, पंप, कारंजी. ते पुस्तक म्हणजे अक्षरशः मॅन्युअल आहे. प्रत्येक भागाची मापे, जोडणी, कुठला भाग कशाने ओतायचा, सगळे चित्रांसह. त्याने बांधलेले एकही यंत्र आज शिल्लक नाही. पुस्तक शिल्लक आहे, कारण शतकानुशतके नकलनवीस ते उतरवत राहिले. डोनाल्ड हिल यांनी १९७४ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर केले आणि दोनच वर्षांनी लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये त्यातले मोठे जलघड्याळ बांधून चालवून दाखवले गेले. सुमारे पावणेआठशे वर्षांनी. आपल्या लोकांना अल-जझरीचे नाव अभिमानाने घ्यायला आवडते. त्या नकलनवीसांपैकी एकाचेही नाव आपण घेत नाही.

म्हणून मी असे ठरवले: साठ वर्षांपूर्वीचे निनावी कागद आणि बुडालेल्या कंपन्यांचे कागद सगळ्यांसाठी ठेवायचे. यातला दुसरा भाग कायद्याच्या काटेकोर मापात बसत नाही, हे मला माहीत आहे. कुणी हक्कदार उभा राहिला तर त्याचा कागद त्याच दिवशी काढीन. जी कंपनी आज धंद्यात आहे तिचे कागद स्कॅन करून ठेवले आहेत, ठेवले मात्र घरातच.

एवढे ठरल्यावर पेटीच्या तळाशी आणखी तीन वह्या निघाल्या. आबांच्या स्वतःच्या. त्यांत मोजलेली व्होल्टेज, हाताने काढलेली दोरीची चित्रे, कुठल्या जपानी आयसीच्या जागी इथे मिळणारी कुठली चालते याच्या नोंदी. माझ्या मते संपूर्ण पेटीत याहून मोलाचे काही नाही. पहिल्या वहीच्या आतल्या पानावर लाल शाईत लिहिले होते: कुणास दाखवू नये.

कंपनी कागद दडवते म्हणून मी इतके लिहिले, आता आबांनीही तेच केले होते. पण दोन्ही गोष्टी एक नाहीत. कंपनीकडे कारखाना होता, आबांकडे ही वहीच होती. शेजारच्या दुकानदाराने ती उतरवून घेतली असती तर घरची चूल थंडावली असती. वही घेऊन मी त्यांच्या घरी गेलो. काकींनी विचारले, "तुका हे कागद कित्याक व्हये?" मी जमेल तसे सांगितले. मुलगा फोनवरून म्हणाला, भाई, टाका सगळे, बाबांचे नाव होईल. काकी काही बोलल्या नाहीत. वही हातात घेऊन पाने उलटत राहिल्या.

वहीत दर पानावर गिऱ्हाइकांची नावे होती. गाव, संच, दुखणे, दाम, बाकी. कुणाचा रेडिओ भावाभावांच्या भांडणात आपटला होता, तेसुद्धा. हे जगाला दाखवण्यासारखे नाही, हे काकींच्या आधी माझ्या लक्षात यायला हवे होते. शेवटी त्यांनी दोन वह्यांतली फक्त सर्किटची पाने स्कॅन करायला परवानगी दिली, नावे झाकून. तिसरी वही घरीच ठेवतो म्हणाल्या. का, ते मी विचारले नाही.

त्या दुसऱ्या वहीत १९७८ सालच्या एका पानावर माझ्या आजोबांचे नाव सापडले. मर्फी, डायलची दोरी आणि एक व्हॉल्व्ह बदलला, १४ रुपये, पैकी जमा ८, बाकी ६. पुढे काट मारलेली नव्हती. आजोबा वारून तीस वर्षे झाली. आपल्यात मयताच्या मालमत्तेतून दफनाच्या खर्चानंतर आधी कर्ज फेडतात, मग वारसांच्या वाट्याचा विषय निघतो. आमच्या घरात वाटण्या होऊन गेल्या आणि हे सहा रुपये राहिले. मी खिशातून काढून काकींच्या पुढे ठेवले. त्यांनी आधी नको म्हटले, मग घेतले आणि वहीतल्या त्या ओळीवर पेनाने काट मारली.

"आणि व्याज?" त्यांनी विचारले, आणि मी उत्तर द्यायच्या आत स्वतःच हसल्या. "तुमच्यात चलणा नाय, न्हय?"